शहिदांची यादी नको, हिशेब हवा

ऑगस्ट आला की आपल्या लोकांच्या मोबाईलवर एक यादी फिरू लागते. ब्रिगेडियर उस्मान, हवालदार अब्दुल हमीद, एअर चीफ मार्शल इद्रिस लतीफ. खाली तिरंगा आणि एक शेर. डिसेंबरमध्ये विजय दिवसाला हीच यादी पुन्हा येते. पाठवणारे आपलेच असतात. शाळामास्तर असतात, मशिदीच्या कमिटीतले लोक असतात, कॉलेजात शिकणारी पोरं असतात. त्यांच्या मनात काय असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. कोणीतरी कुठेतरी विचारलेलं असतं की, तुमच्या लोकांनी या देशासाठी काय केलं? ही यादी म्हणजे त्याला दिलेलं उत्तर.

माझा आक्षेप या उत्तरावर आहे. प्रश्न उर्मट आहे, हे तर खरंच. पण अशा प्रश्नाला मेलेल्या माणसांची नावं दाखल्यासारखी पुढे करायची, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचा तो विचारण्याचा हक्क आपण मान्य केला. तहसीलमध्ये रहिवासी दाखला देतात तसा हा वफादारीचा दाखला. आणि दाखल्याचं काम एकदा झालं की तो फाईलला लागतो. त्या माणसाचं पुढे काय झालं, तो कुठे पडला, त्याची कबर कोण राखतं, हे मग कोणी विचारत नाही.

ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान ३ जुलै १९४८ रोजी झांगरला तोफगोळ्याने गेले. महावीरचक्र मिळालं. दिल्लीत जामिया मिलियाच्या कब्रस्तानात त्यांना दफन केलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या कबरीची तोडफोड झाल्याची बातमी आली आणि लष्कराने ती दुरुस्त करून घेतली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्येही त्यांचं नाव यादीत पहिलंच होतं. नाव सगळीकडे फिरत होतं, कबरीकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. मी म्हणतो तो फरक हाच.

आता दोन नावं अशी सांगतो, जी कोणाच्याच यादीत नसतात. फ्लाइट लेफ्टनंट एल. एम. ससून आणि फ्लाइट लेफ्टनंट आर. एम. अडवाणी. भारतीय हवाई दलाच्या पाचव्या स्क्वाड्रनचं त्यांचं कॅनबेरा बॉम्बर. या विमानात दोनच माणसं बसतात, एक वैमानिक आणि एक नॅव्हिगेटर. डिसेंबर १९७१ च्या पहिल्या आठवड्यात पश्चिम पाकिस्तानातल्या कामगिरीवर गेलेलं हे विमान परत आलं नाही. दोघांचीही नावं पुढे त्या ५४ जणांच्या यादीत आली, ज्यांना सरकारी भाषेत बेपत्ता युद्धकैदी म्हणतात. पन्नास वर्षांहून अधिक काळ गेला. विमान पडलं, एवढं नक्की. माणसांचं काय झालं याचा हिशेब आजपर्यंत बंद झालेला नाही.

यातला ससून कोणत्या धर्माचा आणि अडवाणी कोणत्या, हे मी शोधायला गेलो नाही आणि जाणारही नाही. ससून हे नाव पुण्याच्या रुग्णालयामुळे प्रत्येक मराठी माणसाला ओळखीचं आहे, तेवढं पुरे. अंधारात, शत्रूच्या हद्दीत, एका नळकांड्यात बसलेली दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यांवर आणि हातांवर विसंबून होती. एकाने दिशा सांगायची, दुसऱ्याने विमान वळवायचं. आपण जमिनीवर बसून त्यांची वाटणी करणार, की हा अमक्याच्या यादीतला आणि तो तमक्याच्या? ही दोन नावं कोणत्याच जमातीला दाखला म्हणून उपयोगी पडत नाहीत, आणि म्हणूनच ती कोणी पाठवत नाही.

मग आठवण ठेवायची म्हणजे काय करायचं? याचं उत्तर शोधायला मला लांब जावं लागत नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. गोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांची काशी. तेराव्या शतकाच्या शेवटी, चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यानंतर, याच गावात म्हाइंभटाने लीळाचरित्र लिहिलं. त्याने काय केलं ते नीट पाहा. स्वामींची स्तुती रचत तो बसला नाही. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, ज्यांच्याशी स्वामी बोलले होते, अशा माणसांकडे तो गेला. काय घडलं, कुठे घडलं, कोण हजर होतं, हे विचारून घेतलं. मिळालेलं नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. म्हणून लीळाचरित्रात गावांची नावं आहेत, देवळांची नावं आहेत, कोण काय जेवलं तेही आहे. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ हा साक्षी गोळा करून झालेला ग्रंथ आहे.

पुढचा भागही सांगितला पाहिजे, आणि तो मी सांगणं जास्त बरं. दिल्लीच्या सुलतानाच्या फौजांच्या धामधुमीत ती पोथी गेली, असं महानुभावांची परंपरा सांगते. मग ज्यांना ती मुखपाठ होती त्यांच्या तोंडून ती पुन्हा उभी केली गेली. आज लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ सापडतात त्यामागे हीच हकिगत आहे. ती फौज मुसलमान सुलतानाची होती, म्हणून ही गोष्ट आपण हळू आवाजात सांगायची का? मुळीच नाही. उलट ती सांगितली की आपल्याला आपलीच एक गोष्ट आठवते.

यमामाच्या लढाईत कुरआन मुखपाठ असलेले अनेक सहाबी शहीद झाले. हजरत उमरना धास्ती वाटली की अशीच माणसं जात राहिली तर वचनंही त्यांच्याबरोबर जातील. त्यांनी हजरत अबू बकरना गळ घातली आणि काम झैद बिन साबितांवर आलं. झैद स्वतः हाफिज होते, तरी त्यांनी निव्वळ स्वतःच्या आठवणीवर भरवसा ठेवला नाही. खजुराच्या फांद्यांवर, चपट्या दगडांवर, माणसांच्या छातीत जे होतं ते गोळा केलं आणि साक्ष घेतली. पुढे हदीस जमवणाऱ्यांनी याच शिस्तीचं शास्त्र केलं. हे कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं, तो माणूस खरं बोलणारा होता का. म्हाइंभट आणि हे मुहद्दिस एकमेकांना ओळखत नव्हते. पण गेलेल्या माणसाचं ऋण कसं फेडायचं याबद्दल दोघांचं मत एकच होतं. साक्षीदाराच्या दारात जायचं, विचारायचं, लिहायचं, तपासायचं.

ही आपली दोन्हीकडची मिरासदारी आहे. मराठी म्हणून एक आणि मुसलमान म्हणून दुसरी. इतकी मोठी ठेव घरात असताना आपण शहिदाच्या नावावर काय करतो? एक फोटो आणि एक शेर पुढे ढकलतो.

उहदच्या शहिदांमध्ये मुसअब बिन उमैर होते. त्यांना कफनाला एकच चादर होती. डोकं झाकलं की पाय उघडे पडत, पाय झाकले की डोकं. शेवटी डोकं चादरीने आणि पाय गवताने झाकले. चौदाशे वर्षं ही हकिगत टिकली कारण कोणीतरी चादरीची लांबी लक्षात ठेवली. हे मुसअब मक्केच्या सुखवस्तू घरातला, उंची कपडे घालणारा तरुण होते हेही लक्षात ठेवलं. शहीद थोर होता, एवढंच म्हणून कोणी थांबलं असतं तर आज आपल्याकडे फक्त एक नाव उरलं असतं.

आता १९७१ कडे परत येऊ. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. मराठी माणूस. ५ डिसेंबर १९७१ रोजी पश्चिम पंजाबात शोरकोटच्या तळावरच्या हल्ल्यात त्यांचं सुखोई-७ हे जमिनीवर मारा करणारं लढाऊ बॉम्बर पडलं. त्याच सुमाराच्या पाकिस्तानी वृत्तपत्रात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापून आली आणि त्यात तांबे यांच्या नावाशी जुळणारं नाव होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. युद्ध संपलं. भारताच्या ताब्यातले सुमारे ९३ हजार युद्धकैदी १९७४ पर्यंत परत गेले. तांबे आले नाहीत. ससून आणि अडवाणीही नाहीत.

१९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत ४० नावं ठेवली, की हे लोक पाकिस्तानच्या तुरुंगात असल्याची माहिती आहे. पाकिस्तानने नेहमीच नाकारलं. २००७ मध्ये १४ नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहायला नेलं. दमयंतीताई त्यात होत्या. कोणी सापडलं नाही. ९३ हजार कैदी हातात असताना आपल्या मोजक्या माणसांचा हिशेब आधी का मागितला नाही, हा प्रश्न या कुटुंबांनी वर्षानुवर्षं विचारला. तो दिल्लीला विचारलेला प्रश्न आहे. इस्लामाबादला शिव्या देऊन त्याचं उत्तर मिळत नाही.

इथे मला आपल्या फिकहमधला एक शब्द आठवतो. मफ्कूद. जो हरवला आहे, ज्याचं जगणं-मरणं कळत नाही तो. आपल्या फुकहांनी या माणसावर पानंच्या पानं लिहिली, कारण मफ्कूदच्या मागे एक बाई असते आणि तिचं आयुष्य अधांतरी लटकतं. जुन्या हनफी मताप्रमाणे नवऱ्याच्या वयाची माणसं संपेपर्यंत तिने थांबायचं. इमाम मालिक यांचं मत चार वर्षांचं. गेल्या शतकात हिंदुस्थानातल्या बायकांचे हाल पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या कट्टर हनफी आलिमाने मालिकी मताचा आधार घ्यायला परवानगी दिली. त्यातूनच १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर बाई कोर्टात जाऊ शकते. पण त्यातही एक सोय ठेवली. हुकूम झाला तरी सहा महिने तो लागू होत नाही. तेवढ्यात नवरा आला आणि नांदवायला तयार असला, तर हुकूम रद्द होतो. कायद्याने दार लोटलं, पण कडी लावली नाही.

मला या तरतुदीचं फार अप्रूप वाटतं. हरवलेल्या माणसाबद्दल कसं वागावं हे तिच्यात आहे. मागे राहिलेल्यांचं जगणं थांबवायचं नाही आणि गेलेल्याचं दारही बंद करायचं नाही. दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं. आपल्या देशाने या ५४ जणांबाबत दोन्हीतलं काहीच धड केलं नाही. ते जिवंत आहेत असं संसदेत सांगितलं आणि सोडवून आणलं नाही. ते मेले असं म्हटलं नाही, त्यामुळे दुखवट्यालाही जागा राहिली नाही. साध्या नागरी कायद्यात सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरता येतो. पण गृहीत धरणं आणि ठाऊक असणं यातलं अंतर त्या घरांना विचारा.

गायबाना जनाजाची नमाज आपल्याकडे वादाची आहे. कोकणातले शाफई पढतात, आपण वऱ्हाडातले हनफी पढत नाही. मय्यत समोर असली पाहिजे, असं आपलं म्हणणं. या मसल्यात मला पडायचं नाही. पण आपल्या मताच्या मुळाशी एक गंभीर गोष्ट आहे ती घ्या. मय्यत समोर हवी असेल, तर ती शोधून आणण्याची जबाबदारीही कोणाची तरी असते.

आणि ती शोधता येते. जानेवारी १९४४ मध्ये अमेरिकेचं एक बी-२४ लिबरेटर बॉम्बर चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चाबुआकडे निघालं आणि हिमालयात नाहीसं झालं. आठ माणसं होती. २००६ मध्ये क्लेटन कूल्स नावाच्या एका हौशी गिर्यारोहकाला अरुणाचल प्रदेशात दामरोहजवळच्या डोंगरात त्या विमानाचे अवशेष सापडले. वाट दाखवणारी माणसं त्याच डोंगरातली होती. मग अमेरिकन लष्कराचं पथक आलं. मध्ये काही वर्षं भारत सरकारने हे काम थांबवून ठेवलं, कारण ती सीमा चीनची. २०१५ मध्ये काम पुन्हा सुरू झालं. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत ते अवशेष सन्मानाने सुपूर्द केले गेले. त्यातून लेफ्टनंट रॉबर्ट युजीन ऑक्सफर्ड यांची ओळख पटली. जून २०१७ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या त्यांच्या गावी त्यांना मूठमाती मिळाली. तोवर ७३ वर्षं झाली होती. आई-बाप कधीच गेले होते. तरी हाडं घरी आली, गाव रस्त्याच्या कडेला उभं राहिलं.

आता मला ठाऊक आहे काही वाचक काय म्हणतील. अमेरिकेचं कौतुक कशाला? ज्या देशाने हिरोशिमा केलं, इराक केलं, त्याचं? आक्षेप बरोबर आहे आणि मी तो पूर्ण मानतो. बॉम्बरमधल्या माणसाची आठवण काढताना बॉम्बरखालच्या माणसाला विसरणं हा आठवणीचा नाही, विसरण्याचाच प्रकार आहे. लंडनमध्ये २०१२ साली ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचं स्मारक झालं. दुसऱ्या महायुद्धात त्या कमांडची ५५,५७३ माणसं मेली, बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरची. त्यांनी आणि अमेरिकनांनी मिळून फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन जाळलं, तेव्हा सुमारे २५ हजार माणसं मेली. तो आकडाही जर्मन इतिहासकारांच्या आयोगाने वर्षानुवर्षं कागद तपासून २०१० मध्ये नक्की केला. आधी लोक लाखांच्या गोष्टी करत, नाझींनी फुगवलेला आकडा पुढे चालवत. आयोगाने आकडा खाली आणला आणि त्यामुळे मेलेल्यांचा मान कमी झाला नाही, वाढला. हिशेब हा दोन्ही बाजूंचा असतो. वरून पडलेल्यांचा आणि खाली सापडलेल्यांचा. पण एकाचा हिशेब कोणी ठेवत नाही म्हणून दुसऱ्याचाही ठेवू नका, हा न्याय नव्हे. उलट ज्याने एकाचा ठेवून दाखवला त्याला दुसऱ्याचा ठेवता येत नाही हे म्हणता येत नाही. म्हणूनच मी ऑक्सफर्डचं उदाहरण देतो. हे जमतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

दुसरा आक्षेप आमच्या वऱ्हाडातला आहे आणि तो जास्त खोल आहे. मोर्शीच्या बाजूला वरूड तालुक्यात बेनोडा आहे. अमरावतीच्या जवळ यावली आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये या गावांनी इंग्रजांच्या गोळ्या खाल्ल्या. लोक आजही त्यांना बेनोडा शहीद आणि यावली शहीद म्हणतात. शेजारी वर्ध्यात आष्टी, चंद्रपुराकडे चिमूर. त्याच महिन्यांत इंग्रजांनी बिहारसारख्या प्रांतांत जमावांवर विमानातून मशीनगन चालवल्या. १९१९ मध्ये गुजरांवाल्यावर तर विमानातून बॉम्बच टाकले होते. मग त्याच सरकारचा गणवेश घालून विमानात बसलेल्या हिंदी पोराची आठवण आम्ही का काढावी?

माझं उत्तर असं. बेनोड्याच्या शहिदाची आठवण पहिली. त्यात घासाघीस नाही. पण गणवेशातला पोरगाही याच मातीचा होता. कोणी पगारासाठी गेला, कोणी विमानाच्या वेडापायी, कोणी फॅसिझम ही खरोखरच मोठी आफत आहे असं समजून. पहिल्या महायुद्धातले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर घ्या. केंब्रिजला शिकलेला मराठी तरुण, विमान शिकला. गोऱ्यांच्या हवाई दलात हिंदी माणसाला अधिकारी करायला इंग्रज राजी नव्हते, तिथे धडपडून पोचला. जून १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं विमान पाडलं गेलं आणि महिनाअखेरीस जर्मनांच्या कैदेत तो वारला. सोम विभागातल्या हँगार्डच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. त्याला साम्राज्याचा शूर पुत्र म्हणा असं मी सांगत नाही. साम्राज्याचा हस्तक म्हणूनही त्याची बोळवण करू नका. काय घडलं ते लिहा. त्याने काय मागितलं, त्याला काय नाकारलं, शेवटी तो कुठे पडला. निवाडा वाचणारा करील.

साम्राज्याने स्वतः काय केलं तेही लिहा. युद्धातल्या सगळ्या मृतांना सारखा मान, हे ब्रिटिश युद्धकबर आयोगाचं ब्रीद होतं. २०२१ मध्ये त्याच आयोगाच्या समितीने कबूल केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत किंवा त्यांचं स्मारकच झालं नाही. यात मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्ती माणसं होती. गोऱ्या शिपायाला नावाची शिळा आणि काळ्याला एकत्रित आकडा. आयोगाने माफी मागितली, शंभर वर्षांनी. ही माफी आली ती कोणाच्या देशभक्तीच्या घोषणेमुळे नव्हे. कोणीतरी रजिस्टरं उघडून नावं मोजली म्हणून आली.

पुण्याजवळ खडकीला युद्धकाळातली दफनभूमी आहे. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी पुरलेले, जिथे कबर राखण्याची हमी नव्हती असे दुसऱ्या महायुद्धातले मृत तिथे आणून ठेवले. १,६६८ कबरी आहेत. गवत कापलेलं, शिळा पुसलेल्या, प्रत्येकावर नाव. ज्यांना देशभक्तीचे धडे द्यायचे आहेत त्यांनी आधी तिथे जाऊन यावं आणि मग आपापल्या तालुक्यातल्या एखाद्या जवानाचं स्मारक बघावं. पुतळ्याच्या अनावरणाला मंत्री, आणि दोन पावसाळ्यांनंतर भोवती काटेरी बाभूळ.

आणखी एक गोष्ट आहे, जी प्रत्येक द्वेष्ट्याच्या तोंडावर ठेवावी अशी. दुसऱ्या महायुद्धात अखंड हिंदुस्थानच्या सैन्यातले जे लोक मेले आणि ज्यांच्या कबरी राखता येण्यासारख्या नव्हत्या, अशा २५ हजारांहून अधिक जणांचं स्मारक दिल्लीला आहे. आणि तसंच जोडस्मारक कराचीला आहे. देश वाटला, फौज वाटली, टेबलं-खुर्च्या वाटल्या. ती नावं वाटता आली नाहीत. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती, सगळे दोन्हीकडे आहेत. कराचीतल्या नोंदवहीत आजही राम आहे आणि दिल्लीतल्या नोंदवहीत रहीम. त्यांच्यातला कोण कोणाच्या यादीतला, हे ठरवणाऱ्याने आधी ती दोन्ही पुस्तकं फाडून दाखवावीत.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. कोणी म्हणेल, भाई, तुमचं सगळं बरोबर. पण आमच्या पोराला वर्गात पाकिस्तानी म्हणून चिडवतात, तेव्हा त्याने काय करायचं? उस्मानचं नाव घेतलं तर बिघडलं कुठे?

पोराने नाव जरूर घ्यावं. पण ते आपण देशभक्त असल्याचा पुरावा म्हणून नाही. ज्याच्या आजोबाने याच गावात कापूस वेचला, ज्याची पणजी याच कब्रस्तानात आहे, त्याला इथे राहायला पुरावा लागत नाही. संविधानाने नागरिकत्वाच्या अटींत शहीद नातेवाईक असणं ही अट घातलेली नाही. आपण ती अट स्वतःहून स्वीकारली तर उद्या ज्या घरात शिपाई झाला नाही, नुसता शिंपी झाला, विडी कामगार झाला, फळांची गाडी लावणारा झाला, ते घर कमी हिंदुस्थानी ठरेल. आणि जो शहीद झाला त्याच्यावर आपण केवढा अन्याय करतो बघा. उस्मान झांगरला लढले ते वर्गातल्या भांडणात आपल्याला कामी यावं म्हणून लढले का? त्यांना पाकिस्तानातून बोलावणं होतं आणि त्यांनी नकार दिला. हा एका माणसाचा विचारपूर्वक केलेला निर्णय होता. तो जमातीचा शिक्का करून वापरला की त्या माणसाचा निर्णय आपण त्याच्याकडून काढून घेतला.

म्हणून माझी मागणी यादी बंद करा एवढीच नाही. तिच्या जागी काय करायचं तेही सांगतो.

सरकारने १९७१ च्या बेपत्ता ५४ जणांच्या फायली कुटुंबांसाठी उघडाव्यात. कोण कुठे शेवटचं दिसलं, कोणी पाहिलं, कोणत्या तारखेला कोणता पत्रव्यवहार झाला, पाकिस्तानने काय उत्तर दिलं. जिथे मृत्यू झाला असं सरकारला आज वाटतं, तिथे तसं लेखी सांगावं. जिथे वाटत नाही, तिथे शोध कोणाकडे आहे त्या अधिकाऱ्याचं पद सांगावं. अर्ध्या शतकानंतर यात गुप्त ठेवण्यासारखं असेल तर ते फक्त कोणाचं तरी अपयश.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. म्हाइंभटाच्या गावात विद्यापीठ आलं याचा आनंद सगळ्यांना झाला. मग म्हाइंभटाचंच काम तिथल्या विद्यार्थ्यांनी पुढे न्यावं. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम. गावोगाव जुन्या शिपायांची, वायुसैनिकांची घरं आहेत. म्हाताऱ्या बायका आहेत ज्यांना तार कोणी वाचून दाखवली ते आठवतं. ट्रंकेत पत्रं आहेत, पेन्शनची पुस्तकं आहेत. दहा वर्षांनी ही माणसं नसतील. एकेका विद्यार्थ्याने एकेक घर घ्यावं. काय घडलं, कुठे घडलं, कोण हजर होतं. वऱ्हाडी बोलीत सांगितलं तर वऱ्हाडीतच लिहावं. १९४२ च्या बेनोड्याच्या घरांपासून १९७१ च्या घरांपर्यंत, गणवेशातली आणि गणवेशासमोर उभी राहिलेली, दोन्ही.

आणि आपल्या मशिदीच्या कमिट्यांनी एक साधं रजिस्टर ठेवावं. गावातलं कोण फौजेत गेलं, कोण परत आलं, कोण नाही. त्यात जात-धर्माचा रकाना नको. कब्रस्तानात एखाद्या शिपायाची कबर असेल तर शबे बरातला तिच्यावर पाणी शिंपडण्यापुरतं न थांबता तिच्यावरचं नाव वाचता येतं का ते बघावं. पुसलं असेल तर पुन्हा लिहावं. शेजारच्या मोक्षधामातल्या एखाद्या शिपायाच्या नावाची पाटी गंजली असेल तर तीही रंगवावी, विचारून आणि बरोबर घेऊन. याला ना परवानगी लागते, ना निधी.

हे काम केलेल्या गावात पुढच्या डिसेंबरला कोणी विचारलं की, तुमच्या लोकांनी काय केलं, तर रजिस्टर काढून त्याच्यापुढे ठेवू नका. त्याला सांगा, बसा, लिहून घ्या, तुमच्या घरातलं कोण गेलं होतं? नाव काय, कुठे पडला, शेवटचं कोणी पाहिलं? बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. तिथूनच त्याच्या घरातल्या आठवणीचं काम सुरू होईल.